पल्याडच्या माळावर कोणती मेंढी

लांबून

लांबून पाहिलं तर माळावर पत्र्याची एक खोली दिसते. पुढे लिंबाचं झाड. झाडाखाली काहीतरी हलतंय. मुलं असतील, नाहीतर शेरडं. इतक्या लांबून ज्यांना फरक कळतो, त्यांना या शाळेत ठेवत नाहीत.

ही गोष्ट क्षमाला फार उशिरा कळली.

थोडं जवळून

क्षमा वाईची. नदी, घाट, देवळं, दुपारी चारला शेजारून येणारा पोह्यांचा वास, अशा गावातली. नेमणूक झाली ती या धनगरवस्तीवर. सातारा जिल्हा इथे संपतो आणि ओढ्यापलीकडे सांगली जिल्हा सुरू होतो. दोन्हीकडची एसटी वस्तीच्या अलीकडेच वळून परत जाते. शाळा चौथीपर्यंत, शिक्षिका एकच, आणि राहायला शाळेच्या मागची खोली.

पहिल्या वर्षी ती सुट्टी आली की वाईला जायची. मग सुमंतदादाचं लग्न झालं. वहिनी चांगली होती, इतकी चांगली की क्षमा गेली की नवीन चादर काढायची. पाहुण्यांसाठी काढतात तशी. त्यानंतर क्षमाचं जाणं कमी झालं.

आधीचे गुरुजी निघताना तिला सांगून गेले होते की इथली बारकी पोरं हुशार असतात, मोठी मंद. तिला ते पटलं नव्हतं. पण पहिली-दुसरीतली मुलं खरोखरच चटपटीत निघाली, आणि ती सात-आठ वर्षांची झाली की दिवाळीनंतर मेंढरांमागे निघून जायची. मागे राहायची ती फळ्यावरचं वाचता न येणारी. तोंडी विचारलं तर सांगायची. फळ्यावर लिहिलं की पाटी कोरी.

त्यातली एक समीक्षा. नाव नर्सबाईंनी ठेवलेलं. घरच्यांना ते पेलेना, म्हणून समी. चौथीत होती. शुद्धलेखन सांगितलं तर एक चूक नाही. फळ्यावरून उतरवायला सांगितलं तर शेजारणीच्या पाटीत डोकं. आणि वस्तीत तिची ख्याती गर्विष्ठ म्हणून. वाटेत समोरून माणूस आलं तरी ओळख देत नाही. तिची आई बनाबाई सगळ्यांना सांगायची, सख्ख्या मावशीला वळखत न्हाई, एवढी सायबीन हाय आमची.

सहा मीटरवरून

शहाण्णव सालच्या पावसाळ्यात सीमेवरच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांना सांगलीला एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. शाळेतल्या मुलांची नजर कशी तपासायची याचं. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण त्यांनी सांगितलेलं सोपं होतं. तक्ता उजेडात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगायचा. सहा मीटर दोरी मोजून मुलाला उभं करायचं. एक डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही. तक्त्यावर अक्षरं नव्हती, कारण मुलाला अक्षर येत नसेल तर ते दिसत नाही असं वाटेल. सगळीकडे एकच खूण होती, तीन दात असलेली. दात कधी वर, कधी खाली, कधी डाव्या अंगाला, कधी उजव्या. मुलाने फक्त बोटांनी दाखवायचं, दात कुठे आहेत. वरची खूण पंजाएवढी, शेवटची तांदळाएवढी.

मुलांनी खूण बघितली आणि लगेच नाव ठेवलं, दाताळं. खळ्यावरचा पाला ओढायचं.

बारक्यांची परीक्षा म्हणजे खेळच झाला.

वर.
खाली.
तकडं.
वर.
अकडं. बाई, ह्येच्याखाली अजून बारीक न्हाई का?

मग समी.

वर.
वर... असंल.
खाली?

मग बोटं खाली आली. मग तिने विचारलं, "बाई, तिथं अजून काय हाय?"

क्षमाने डॉक्टरांनी शिकवलेलं शेवटचं करून पाहिलं. जुन्या पुठ्ठ्याला दाभणाने एक भोक पाडलेलं होतं. त्यातून एका डोळ्याने बघायला लावायचं. भोकातून स्वच्छ दिसलं तर डोळा निरोगी आहे, नुसता चष्मा हवा. समीने पुठ्ठा डोळ्याला लावला.

वर. खाली. अकडं. खाली. तकडं. वर.

चौथ्या ओळीपर्यंत ती न थांबता आली. मग पुठ्ठा काढून तिने तक्त्याकडे बघितलं. परत लावला. परत काढला. मागे रांगेत उभी असलेली मुलं हसायला लागली.

पुठ्ठा क्षमाने परत मागितला नाही. विसरली.

अशी मुलं तीन निघाली. तिघंही तिसरी-चौथीतली.

ओढ्याच्या काठावरून

समीचा बाप कोंडीबा ओढ्यावर मेंढरांना पाणी दाखवत होता. क्षमाने त्याला जपून, हळूहळू सांगायचं ठरवलं होतं. तुमच्या मुलीला लांबचं दिसत नाही, असं सांगताच तो म्हणाला की ते त्याला ठाऊक आहे. दोन वर्षांपासून ठाऊक आहे.

"म्हनून तर शाळंत ठिवली."

क्षमाला कळेना. तेव्हा त्याने पलीकडच्या माळाकडे हात केला आणि सगळं सांगितलं. दिवाळी झाली की तळ हलतो. मेंढरं, घोडं, कुत्री, बायका-पोरं, सगळी घाट उतरून कोकणात जातात, पाऊस तोंडावर आला की परत येतात. तळ हलायच्या आदल्या दिवशी बाप ओढा ओलांडून पल्याडच्या माळावर जातो, एक मेंढी खांद्यावर घेतो आणि उभा राहतो. पोराने अलीकडून सांगायचं, कोणती. प्रत्येक मेंढीला नाव असतंच. ज्याला सांगता आलं तो मेंढरांमागे जायचा. ज्याला नाही आलं तो म्हाताऱ्यांजवळ मागे. रानात ज्याला लांडगा कुत्र्यासारखा दिसतो, त्याच्या हाती कळप द्यायचा कसा?

समीने दोनदा चुकीचं सांगितलं होतं. पहिल्या वर्षी बांडी म्हणाली, ती काळतोंडी होती. दुसऱ्या वर्षी काळतोंडी म्हणाली. त्या वर्षी बापाने मेंढी घेतलीच नव्हती, घोंगडी घेतली होती.

हे सांगताना कोंडीबा हसला, पण फार नाही. "रानात लांडगं हायती बाई. शाळंत काय, तुमीच."

क्षमाही हसली. खोलीवर परत येताना तिला त्यातली गंमत आणखी उलगडत गेली. सरकारच्या कितीतरी आधी या लोकांनी मुलांची नजर तपासली होती, सहा मीटरपेक्षा लांब दोरीने, आणि बरोबर तपासली होती. आणि मग ज्याला लांबचं दिसत नाही, नेमकं त्यालाच उचलून फळ्यासमोर बसवलं होतं.

शेगडीवर भात शिजेपर्यंत गंमत संपली. कारण तिच्या लक्षात आलं की चष्मा आला की समीला मेंढी ओळखता येईल.

जवळून

तोपर्यंत तिने एक सोपा उपाय केला. समीला फळ्याच्या अगदी खाली बसवलं.

पोरगी उघडली. भागाकार चार दिवसांत. पुस्तकातले धडे तिने आधीच पाठ केलेले निघाले, ऐकून ऐकून. शाळा सुटल्यावरही ती घरी जाईना. घरी तरी कोण होतं. आई-बाप दिवसभर रानात, आणि म्हातारी आत्या धोंडुबाई, तिला ऐकू येत नव्हतं. समी क्षमाच्या खोलीत यायची, तांदूळ निवडायची, क्षमाच्या वेणीला हात लावून बघायची. अंतर हातभर असलं की तिच्याइतकं बारीक कुणाला दिसत नसे. तांदळातला खडा तिला क्षमाच्या आधी दिसायचा. क्षमाच्या कानामागचा तीळ दिसला. पदराला घातलेली टीप कुठे सुटली ते दिसलं. या वस्तीवर आल्यापासून क्षमाकडे इतकं निरखून कुणी बघितलं नव्हतं.

मुलांना कधी घेऊन येताय, असा सांगलीच्या दवाखान्यातून दोनदा निरोप आला. क्षमाने पुढच्या आठवड्यात म्हणून कळवलं. पुढच्या आठवड्यात पाऊस होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात चाचणी होती.

ती स्वतःला समजावायची. पोरगी पाचवीला म्हसवडच्या वसतिगृहात जाईल. शिष्यवृत्तीला बसेल. पुढे बसून तिचं चाललंय की सगळं. चष्मा उन्हाळ्यात करू, तळ गेल्यावर. यातलं काहीही खोटं नव्हतं.

भोकातून

दसरा झाला. एका दुपारी सुट्टीत क्षमा बाहेर आली, तर समी लिंबाखाली उभी, एक डोळा मिटलेला, दुसऱ्याला पुठ्ठा. ओढ्याकडे तोंड.

पोरं चिडवत होती, समीची दुर्बीण. ती ऐकत नव्हती.

"बाई, ह्या भोकासारखी काच मिळती का?"

"कशाला? पुढं बसून दिसतंय ना आता?"

"फळा दिसतोय."

"मग?"

"आई न्हाई दिसत."

समीने पुठ्ठा खाली घेतला आणि तिच्याकडे न बघता सांगायला लागली. दर वर्षी तळ निघाला की ती आत्याबरोबर ओढ्यापर्यंत पोचवायला जायची. ओढा उतरला की ती सगळी तिच्यापुरती संपायची. पांढरं-काळं हलायचं थोडं, मग तेही नाही. आत्या मात्र कितीतरी वेळ हात वर करून उभीच असायची. समीला वाटायचं म्हातारी येडी हाय, नसलेल्या माणसांना हात करतीया.

"मागल्या साली माघारी आल्यावर धनाजी म्हनला, आई पार डोंगराच्या वळनापातूर मागं बघत हुती. हात करीत हुती." धनाजी तिचा धाकटा भाऊ, पहिल्याच वेळी मेंढी ओळखून गेलेला. "आन म्या आपली तिकडं पाट करून उभी. मला वाटलं, तिनं मागं बघितलंच न्हाई."

पोरं घंटेची वाट बघत होती. घंटा क्षमाच्याच हातात होती.

"मिळते," ती म्हणाली. "काच मिळते."

सांगली

बाकी दोघांच्या घरच्यांनी पाठवलं नाही, एकटी समीच आली. दवाखान्यात सकाळ गेली. डोळ्यांत थेंब, बाकावर बसणं, पुन्हा थेंब. चष्मा दुपारी मिळाला. काळी जाड चौकट, समीच्या चेहऱ्याला मोठी. दुकानदाराने दांड्या कानामागे वाकवून दिल्या आणि आरशात बघ म्हणाला. समीने आरशाकडे बघितलं नाही, दाराबाहेर बघितलं.

स्टँडवर येईपर्यंत ती क्षमाचा हात धरून चालत होती आणि पाय उंच उंच टाकत होती, जणू रस्ता खाली गेलाय. स्टँडवर बाकावर बसल्यावर तिने हळूच विचारलं, "समदी माज्याकडं का बघत्यात?"

"चष्म्याकडे बघतायत. तुला आत्ता दिसलं, एवढंच. माणसं बघतच असतात."

"आधीपास्नं?"

"आधीपासून."

समीने डोकं खाली घातलं. थोड्या वेळाने एका डोळ्याने वर बघितलं. समोरच्या गाडीतल्या म्हातारीने तिला हसून मान डोलावली. समीने घाबरून क्षमाचा दंड धरला आणि मग, उशिरा, गाडी हलल्यावर, तीही हसली.

क्षमा पाणी आणायला नळावर गेली. नळाला रांग होती. तांब्या भरून वळली तर समी तिच्याकडेच बघत होती, लांबून, चष्म्यातून, टक लावून. क्षमा जवळ येऊन बसली तरी तिचं बघणं थांबेना.

"काय गं?"

"काय न्हाई."

"बोल की."

"जवळनं तुमी हसत असता, बाई." समीने चष्मा काढला, फ्रॉकने पुसला, पुन्हा घातला. "लांबनं तसं न्हाई दिसत. लांबनं लय दमल्याली दिसता."

क्षमाने तांब्या तिच्या हातात दिला. गाडी लागली. खिडकीची जागा तिने समीला दिली. अंधार पडेपर्यंत पोरगी दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत राहिली, आणि पाट्या संपल्यावर डोंगर.

पल्याडून

तळ हलायचा आदला दिवस. वस्तीतली निम्मी माणसं ओढ्यावर जमली होती. कोंडीबाला हे मान्य नव्हतं, काचेतून बघणं म्हणजे लबाडी असं त्याचं म्हणणं पडलं. काच फुटली तर रानात काय करायचं, असंही त्याने विचारलं. क्षमाला उत्तर देता आलं असतं. काच फुटतेच, कोकणात कोण बदलून देणार, पोरीला शाळेतच राहू द्या. वाक्य तोंडाशी आलेलं होतं.

ती म्हणाली, "दांड्यांना मागून दोरी बांधा. पडणार नाही."

बनाबाईने घोड्याच्या कासऱ्यातली बारीक सुतळी काढून दिली.

कोंडीबा ओढा उतरून पलीकडे गेला. चढला. कळपात शिरला. क्षमाचे डोळे चांगले होते, तिने सांगलीत तेही तपासून घेतले होते. तरी तिला एवढंच दिसलं की एका माणसाच्या खांद्यावर काही काळपट आलं आहे.

"मोरी," समी म्हणाली.

कुणीतरी खोकलं.

"थांबा. मोरी न्हाई. मोरीची लेक. डावा कान फाटल्याला हाय तिचा."

धनाजीने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि ओरडून बापाला विचारलं. माळावरून कोंडीबाचं उत्तर यायला वेळ लागला. शब्द कळले नाहीत. पण त्याने मेंढी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

बनाबाईने लेकीचं तोंड आपल्याकडे वळवलं, चष्म्यात वाकून बघितलं, आणि म्हणाली, "मावशीला वळखशील का आता, सायबीन?" आणि मग पदर तोंडाला लावून बाजूला झाली.

ओढ्यापर्यंत

सकाळी घोड्यावर भांडी, भांड्यांवर कोंबड्या, कोंबड्यांवर घोंगडी. क्षमा कोंडीबाला म्हणाली की तिकडे कुठल्या शाळेत बसवता येईल पोरीला, मी दाखला देते. तो बगू म्हणाला. ज्या सुरात म्हणाला तो क्षमाला चांगला ओळखीचा होता.

समीने वाकून नमस्कार केला तेव्हा चष्मा घसरला. सुतळीने धरला. पुस्तकं तिने पिशवीत घेतली होती. पिशवी कोंबड्यांखाली कुठेतरी होती.

क्षमा ओढ्यापर्यंत गेली. धोंडुबाईही. म्हातारीने हात वर केला. पलीकडच्या चढावर बनाबाईने वळून हात केला, धनाजीने केला, शेवटी कोंडीबानेही. समी सगळ्यांत पुढे होती. कुत्र्याला काहीतरी दाखवत होती, मग दूर कुठेतरी बोट करत होती, मग पळत होती. ती मागे वळली नाही. तिला पुढे बघायला फार होतं.

क्षमा मात्र डोंगराच्या वळणापर्यंत बघत उभी राहिली.

सहा मीटरवरून

दोन दिवसांनी सकाळी क्षमाने शाळेची कडी काढली तेव्हा दारात दगडाबाई उभी होती, नातवाला, अर्जुनाला, दंडाला धरून. अर्जुना तिसरीतला. तिघांमधला एक. मुलगा इतका गप्प की हजेरीत हो म्हणायलाही त्याला वेळ लागायचा. समी गेल्यावर क्षमाने त्याला फळ्याखाली आणून बसवलं होतं, आणि काल पहिल्यांदाच तो शाळा सुटल्यावर खोलीच्या दारापर्यंत येऊन थांबला होता.

दगडाबाई म्हणाली की आमचा तळ देवदिवाळीनंतर हलतोय. कोंडीबाच्या लेकीला बसवली तसली काच आमच्या पोरालाबी बसवा. "तवर हुईल का, बाई? पोरगं हितं एकटंच ऱ्हातं वो. रातीचं रडतं."

क्षमाने तिला बसायला सांगितलं. मग दवाखान्यात कळवायला नजर नव्याने मोजावी म्हणून भिंतीवर तक्ता टांगला, उजेड बघून खिळा बदलला. दोरीचं एक टोक भिंतीला धरून दुसरं दारापर्यंत नेलं आणि अर्जुनाला तिथे उभं केलं. डावा डोळा तळहाताने झाकायला सांगितलं, दाबू नको म्हणाली. आणि परत तक्त्याजवळ येऊन काठी सर्वांत वरच्या खुणेवर ठेवली.

खोलीत दुसरं कुणी मूल अजून आलेलं नव्हतं.

"कुठं आहेत दात?"

अर्जुनाने मान पुढे काढली. डोळा बारीक केला. त्याचा एक पाय दोरीच्या पुढे आला.

"बाई, जवळ येऊ का?"

"नको," क्षमा म्हणाली. "तिथंच थांब."